सात हार, एक वेणी

अकोल्यात कोण मेलं हे कावळ्यांच्या आधी आमच्या घरी कळायचं. कोणाचं लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, कोणता पुढारी येणार, हेही. आम्ही माळी. मोर्णेच्या काठाला आमचा लहानसा मळा होता आणि बाजारात दुकान. दुकान म्हणजे काय, तर एक लाकडी फळी, वर पत्रा, आणि फळीमागं मांडी घालून बसलेले माझे बाबा. माणूस समोर येऊन नुसतं 'हार पायजे' म्हणाला की बाबा त्याच्या तोंडाकडं न बघता विचारत, किती, कशाचे आणि कधी. तीन उत्तरं मिळाली की त्या घरात काय चाललं आहे ते त्यांना समजे. झेंडूचे वीस, लांब लांब, आणि घाई नाही, म्हणजे वास्तुशांती. पांढऱ्या शेवंतीचा एकच, जाड, आणि आत्ताच्या आत्ता, म्हणजे पुढं विचारायचंच नाही. एक हार, एक गुच्छ आणि माणूस चार वेळा येऊन बदल सांगतो, म्हणजे हपिसात नवा साहेब आला. यात आपण उभ्या जन्मात चुकलो नाही असं बाबा सांगायचे. माय मागून म्हणायची, 'हो ना, देवच येऊन सांगून जाते यायच्या कानात.' पण अभिमान तिलाही होता. बायका नळावर तिला विचारायच्या, काय व, देशमुखाकडं काय हाय म्हणे उद्या, आणि ती न सांगता सांगायची.

सकाळी उजाडायच्या आत मळ्यातून फुलं यायची आणि ओसरीत ओल्या गोणपाटावर त्यांचा ढीग पडायचा. भोवती माय, मी आणि धाकटी काकी. फुलं ओवायला आवाज होत नाही असं लोकांना वाटतं. होतो. देठ खुडल्याचा बारीक टुक टुक आवाज, केळीच्या सालीचा दोर ओढल्याचा, मधूनच पाण्याचा हबका. त्यात मायचं पुटपुटणं. चुलीवर चून, म्हणजे आमच्याकडचं पिठलं, रटरटत असे आणि कालच्या भाकरी तव्यावर कडक होत असत. भाकर-चून आणि हिरव्या मिरचीचा ठेचा, झाली न्याहारी. त्यानंतर मी हात धुऊन कॉलेजला जायची, पण झेंडूचा वास हातांचा काही जात नाही. वर्गातल्या वकील-डॉक्टरांच्या मुली वही घेताना वहीचं टोक धरायच्या. मला ते कळायचं. मी मुद्दाम पूर्ण हात लावून वही द्यायची.

नाटकात मी शिरले ती माझ्या गळ्यामुळं. आमचे मराठीचे बोर्डेसर कॉलेजची नाटकं बसवत. एके दिवशी ते शेवंती घ्यायला बाजारात आले होते, आणि मी एका बाईशी भांडत होते. तिनं कालचं फूल म्हणून नाव ठेवलं होतं आजच्या फुलाला. सर तिथंच उभे राहिले. दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाले, जिचा आवाज माईक नसताना भाजीबाजाराच्या त्या टोकाला जातो, ती मुलगी मला पाहिजे. सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि संध्याकाळी तालमीला गेले. घरी सांगितलं, जादा तास आहे. मायनं ओळखलं, पण बाबांना तिनंच समजावलं की कॉलेजचंच काम आहे, सरच बसवतात, पोरीबाळी सगळ्या असतात. बाबा कधी बघायला आले नाहीत. रात्रीचं नाटक आणि पहाटेचा बाजार, दोन्ही त्यांना जमणारं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते बघायचंच नव्हतं.

दर हिवाळ्यात अमरावतीला हौशी नाट्यस्पर्धा भरायची. पाच जिल्ह्यांतून संघ यायचे. पहिल्या वर्षी मी मोलकरीण होते. अकरा वाक्यं, त्यातली चार 'जी मालकीण'. तेवढ्यावर मला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. दुसऱ्या वर्षी सासू झाले. एकोणीस वर्षांची पोर, साठ वर्षांची सासू. बायकांमध्ये अभिनयाचं पदक एकच असायचं, चांदीचं, आणि ते जाहीर करण्याआधी तीन नावं वाचून दाखवायची पद्धत होती. त्या वर्षी तिसरं नाव माझं होतं. पदक नाही मिळालं. परीक्षकांनी सरांकडं दिलेल्या शेऱ्यात लिहिलं होतं, आवाज उत्तम, समज चांगली, भाषेत वऱ्हाडी हेल आहे तो घालवावा. घालवावा! अंगावरचा डाग होता जसा काही. पण मी वेडी, खरंच घालवायला बसले. आख्खा उन्हाळा हार ओवताना वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची, 'मले' नाही 'मला', 'काहून' नाही 'का'. बाबा मायला विचारायचे, कोणाशी बोलून राहिली व ही? आज हे जे मी लिहिते आहे ते त्याच उन्हाळ्यात शिकलेल्या भाषेत. आमच्या घरात कोणीच असं बोलत नाही. रागावले की मीही बोलत नाही.

परवा माझी नात मोबाइलवर काहीतरी वाचत होती. कुठली तरी ऑस्ट्रेलियाची नटी, फार मोठी म्हणे, आणि तिच्या बक्षिसांचा भलामोठा तक्ता. वर्ष, पुरस्कार, भूमिका आणि शेवटच्या रकान्यात निकाल. मी चष्मा लावून तो रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला. 'विजयी' थोडे, 'नामांकन', 'नामांकन', 'नामांकन' जास्त. मी नातीला विचारलं, न मिळालेलंही लिहून ठेवतात का? ती म्हणाली, आजी, नामांकन हाही सन्मानच असतो. असेल बाई. त्या बाईकडं पुढच्या वर्षी पुन्हा नाटक असेल, सिनेमा असेल, पुन्हा नाव येईल. ज्याच्या ताटात रोजच पडतं, त्याला एखाद्या पंगतीत वाढलं नाही तरी चालतं. आमच्या वेळी तर त्याला नावही नव्हतं. तीन नावं वाचायची, दोघींनी टाळ्या वाजवायच्या. टीव्हीवर त्या हरलेल्या नट्या किती गोड हसून टाळ्या वाजवतात ते मी बघते, आणि मला वाटतं की बक्षीस द्यायचं तर त्यालाच द्या.

तिसऱ्या वर्षी बोर्डेसरांनी स्वतः नाटक लिहिलं. एक सुईण, तिच्या हातून एका मोठ्या घरातलं मूल दगावलं आहे आणि पंचांपुढं तिला साक्ष द्यायची आहे. सर म्हणाले, ही बाई पुस्तकी बोलली तर मीच उठून जाईन, ही तुझ्या मायसारखी बोलेल. मी म्हणाले, सर, मागच्या वर्षीचा शेरा? ते म्हणाले, शेरा गेला खड्ड्यात. तर घालवलेला हेल मी परत आणला, आणि इतका आणला की तिसऱ्या अंकात मी नसलेल्या घंगाळ्यात हात धुऊन 'हे हात धुतल्यानं धुवून जातेत का जी' म्हणाले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका बाईनं स्वतःचे हात पदराला पुसले. मी स्टेजवरून पाहिलं ते. पन्नास वर्षं होत आली, ती बाई मला अजून दिसते. माझं काम चांगलं झालं होतं. हे मी कोणाला विचारून लिहीत नाही.

याच हिवाळ्यात तेल्हाऱ्याहून सोयरीक आली. आमच्याच जातीतले, पण मळेवाले नाहीत, काळ्या जमिनीचे, कपाशीवाले. मुलगा एकुलता एक. बाबा हरखून गेले. मी जेवणं सोडलं. आणि मग सरांनी बाबांना दुकानावर गाठून सांगितलं की नागपूरला नाटकाचं शिक्षण देणारा दोन वर्षांचा वर्ग आहे, पदक मिळवणाऱ्याला तिथं थेट जागा मिळते, राहणं-जेवण त्यांचंच, आणि तुमच्या मुलीला यंदा पदक मिळेल असं मला वाटतं. तिसऱ्या दिवशी कढीगोळे वाढून घेताना म्हणाले, 'मेडल आलं तं नागपूरले जाय. नाही आलं तं तेल्हाऱ्याले. दोन्हीकडं येष्टी जाते.' माय म्हणाली, पोरीच्या जन्माची काय सोडत काढता का? बाबा म्हणाले, तिचे सर म्हणतेत मिळते, मग भेव कशाचं? त्यांचं म्हणणं असं की पदक असलं तर चार लोकांत सांगता येतं, पोरगी सरकारमान्य आहे. नुसतं नाटक म्हटलं तर लोक काय म्हणतात ते तुलाही माहीत आणि मलाही. बाबा शब्दाचे पक्के होते. लोक हा गुण समजतात.

बक्षीस समारंभ रविवारी दुपारी अमरावतीला होता. निकाल तिथंच फुटायचा होता. बुधवारी दुकानावर स्पर्धेच्या मंडळाचा शिपाई आला, थेट अमरावतीहून. त्याच्याकडं चिठ्ठी होती, सात हार, शेवंतीचे, आणि एक वेणी, कुंदाच्या कळ्यांची, बारीक कामाची. बाबांनी पहिल्यांदाच गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं पाहिलं. अमरावतीत काय माळी मेले का, म्हणाले, इथपर्यंत आला तो? शिपाई म्हणाला, साहेबांनी सांगितलं आहे, वेणी अकोल्याच्या याच घरची पाहिजे, दुसरी चालणार नाही. तो गेला आणि बाबांनी फळी उचलून दुकान बंद केलं. भर बाजाराच्या वेळी. घरी येऊन त्यांनी ती चिठ्ठी मायपुढं धरली. मायला वाचता येत नव्हतं, पण सात हार आणि एक वेणी तिला ऐकूनच पुरलं. हार पुरुषांना, वेणी बाईला. सत्काराची माणसं आठ, त्यातली बाई एक, आणि बायकांचं पदकही एकच. आणि वेणी अकोल्याची, याच घरची. माय माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायला लागली. बाबा म्हणाले, 'पोरीच्या डोक्यात घालाची वेणी पोरीच्याच घरून मागवली त्यायनं. मोठ्या लोकायची रीत पाह्य.'

मी म्हणायला पाहिजे होतं की बाबा, असं कुठं असतं. मी नाही म्हणाले. मीही त्याच घरची होते. जन्मभर आम्ही चिठ्ठीवरून घरं वाचत आलो होतो, आणि या चिठ्ठीत माझं घर लिहिलं होतं. ती वेणी मी स्वतः ओवली. शनिवारी दुपारभर बसले. कुंदाच्या कळ्या एकसारख्या निवडून घेतल्या, मधेमधे अबोली, कडेला मरवा. बाबा दोनदा येऊन बघून गेले. एरवी कोणाच्या कामात खोड काढल्याशिवाय न जाणारा माणूस, पण त्या दिवशी म्हणाले, उलीशीक ढिली ठेव, अंबाड्यावर बसली पाहिजे. मी खरंच तिथल्या तिथं केसांवर धरून माप घेतलं. सांगायला आज लाज वाटते. तेव्हा नाही वाटली. मग ओल्या फडक्यात, पळसाच्या पानांत गुंडाळून ती टोपलीत सगळ्यात वर ठेवली.

रविवारी आम्ही तिघं गाडीनं बडनेऱ्यावरून अमरावतीला गेलो. मी मायची मोरपंखी इरकल नेसले होते. बाबांनी धुतलेली टोपी घातली होती आणि वाटेत पेढ्यांचा पुडा घेतला. मी म्हटलं, नंतर घेऊ. ते म्हणाले, नंतर दुकानं बंद होतात. नाट्यगृहात बाबा आयुष्यात पहिल्यांदा आले होते. खुर्चीवर आधी हात फिरवून पाहिला, मग बसले. आणि बसल्यावर पाचच मिनिटांत त्यांनी पुडा सोडला. डावीकडच्या माणसाला पेढा, उजवीकडच्याला पेढा, पुढच्या रांगेतल्यांच्या खांद्याला हात लावून पेढा. कशाचे हो पेढे, तर म्हणे, पोरगी आहे आमची, आता कळेलच तुम्हाला. मायनं त्यांचा सदरा ओढला. मी जमिनीकडं बघत बसले, पण खोटं कशाला बोलू, मला आतून बरं वाटत होतं. माझ्यामुळं बाबांनी कोणाचं तोंड गोड केलं असं त्याआधी कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात माईकवरून नाव आलं. अकोल्याच्या कुमारी सिंधू यांनी कृपया रंगमंचावर यावं. अजून पाहुणेही बसायचे होते, पण मला कशाचंच भान नव्हतं. बाबा उठून उभे राहिले. मी पायऱ्या चढले. विंगेत मंडळाचे चिटणीस उभे होते, त्यांनी घाईघाईनं पितळी तबक माझ्या हातात दिलं. तबकात आमचेच सात हार आणि आमचीच वेणी. ते म्हणाले, 'तुम्ही फुलांच्या घरच्याच ना? तबक धरणारी मुलगी आली नाही हो. तुम्हाला सवय असेल. जरा एवढं सांभाळा.' वाईट माणूस नव्हता. घामेघूम झाला होता बिचारा. मी तबक धरलं. मी नाही म्हणू शकले असते, पण त्या वयात आणि त्या घरातून आलेल्या मुलीला नाही हा शब्द कुठून काढायचा ते माहीत नसतं.

पहिला कार्यक्रम स्वागताचा. प्रमुख पाहुण्यांना हार. आणि मग माईकवरून, पाहुण्यांच्या सौभाग्यवती मूळच्या आपल्या अकोल्याच्या, त्यांच्या आवडीची वेणी खास अकोल्याहून मागवली आहे. कोणीतरी माझ्यासमोरून वेणी उचलली आणि त्या गोऱ्या, ठेंगण्या बाईच्या अंबाड्यावर माळली. ती ढिली होती, बरोबर बसली. मी समोर पाहिलं. बाबा अजून उभेच होते. पुड्यातला एक पेढा त्यांच्या चिमटीत होता आणि पुढच्या रांगेतला माणूस तो घ्यायला हात पसरून वळलेला होता. बाबांनी पेढा दिला नाही, खाल्लाही नाही. मायनं त्यांना खाली बसवलं.

तरी अजून निकाल बाकी होता हो. वेणीचा आणि पदकाचा काही संबंध नाही हे मला तिथं तबक धरून उभी असताना कळलं, आणि लगेच दुसरं हेही सुचलं की मग पदक तरी आपलं असू शकतं. आशा म्हणजे इतकी निलाजरी. एकेक पुरुष येऊन हार घालून घेत होता, मी तबक पुढं करत होते. मग स्त्री-अभिनयाची तीन नावं वाचली. माझं दुसरं. पदक गेलं अमरावतीच्या एका वकिलाच्या मुलीला, ऐतिहासिक नाटकात ती राणी झाली होती. ती वाईट होती असं लिहायला मला फार आवडलं असतं. नव्हती. मी तिचं नाटक पाहिलं होतं, चांगलं केलं होतं तिनं. तिला घालायचा हार मीच पुढं केला. ती माझ्याकडं बघून हसली, फुलं पोचवणाऱ्या माणसाकडं बघून हसतात तसं. पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकाच्या प्रमाणपत्रासाठी माझं नाव घेतलं. तबक कोणी धरेना, हात मोकळे नाहीत, तेव्हा पाहुण्यांनी ते प्रमाणपत्र तबकातच ठेवलं, उरलेल्या ओल्या हारांवर. लोक हसले. फोटोही निघाला. खाली उतरेपर्यंत कागदाच्या खालच्या बाजूनं पाणी ओढलं होतं आणि सहीची शाई पसरली होती.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत बसले. दिवस अजून मावळला नव्हता, दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली होती. मूर्तिजापूरला गाडी थांबली, बाबांनी चहा घेतला, आम्हाला दिला नाही. चहा संपवून म्हणाले, 'तेल्हाऱ्याच्यायले पुढच्या रविवारी बोलावतो.' मी म्हटलं, 'बाबा, तीन नावांत नाव होतं माहं. पाच जिल्ह्यांतून तिघी.' ते म्हणाले, 'पंगतीत बसवून उठवलं तुले, त्याले मान म्हणत नाहीत. आपण हार ओवणारे लोक हाओत, सिंधू. घालून घेणारे नाही. चुकलं माहं, मीच इसरलो.' मला रडू आलं नाही. मला त्यांचा राग आला, आणि तो आजतागायत आहे. चिठ्ठी त्यांनी चुकीची वाचली, पेढे त्यांनी वाटले, लाज त्यांची गेली आणि दंड मी भरायचा. सगळे म्हणतात बाप गेल्यावर राग धरू नये. बापाला जाऊन तीस वर्षं झाली, मी धरून आहे.

मंगळवारी बोर्डेसर घरी आले. ओसरीत बसून सांगत होते की परीक्षकांशी ते स्वतः बोलले, पहिली आणि दुसरी यांत अगदी थोडा फरक होता, पुढच्या वर्षी नक्की. बाबांनी त्यांना चहा दिला, पाट दिला, सगळा मान दिला. मग म्हणाले, 'सर, थोडक्यात चुकलेली गाडी अन् लय आधी गेलेली गाडी, दोन्ही गेल्याच ना जी?' सर कप खाली ठेवून उठले. बोलण्यात बाबांना कोणी हरवलं नाही कधी. आवाज कुठून आला माझ्यात, हा प्रश्न मला पुढं कोणी कोणी विचारला, त्याचं उत्तर फळीमागं बसलेलं होतं.

मग मीच ठरवलं. रविवारी तेल्हाऱ्याची माणसं येणार होती, आणि मी ते काम पाडणार होते. नाटकवाले म्हणतात ना, पाडणं, तसं. बसा म्हणायच्या आत मांडी घालून बसायचं. बाजारातल्या आवाजात बोलायचं. मुलाला विचारायचं, तुम्हाला किती मार्क पडले हो मॅट्रिकला. एकदा मोठ्यानं हसायचं. चारपाच दिवस मी हार ओवता ओवता ते सगळं मनात बसवलं. मायला शंका आली असावी. शनिवारी वेणी घालताना म्हणाली, 'काही उलटंसुलटं करशीन तं तुह्या बापाले सहन होणार नाही व.' मी म्हटलं, नाही करत. तिनं माझं तोंड स्वतःकडं वळवून पाहिलं आणि सोडून दिलं.

अकरा वाजता ते आले. आठ जण, ओसरीत दोन ओळींत बसले, पुढं म्हातारे, मागं बाया, कडेला मुलगा. मी पोह्यांचं ताट घेऊन दाराशी आले, आणि ते सगळे गप्प झाले. कोणीतरी खाकरलं. आणि माझ्या अंगात जे काही झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. समोर माणसं गप्प होऊन बघताहेत, आणि आपण वाईट काम करायचं, हे मला जमेना. मी ठरवलेलं सगळं आठवत होते. पायच ऐकेनात. मी उंबऱ्यावर अर्धा श्वास थांबले, त्यांना बघू दिलं. मग लहान लहान पावलं. नजर खाली, एकदाच वर, तीही मुलाकडं नाही, त्याच्या आईकडं. ताट पुढं करताना हात जरा कापवला, बांगड्यांचा आवाज मागच्या बायांपर्यंत पोचेल एवढाच. नाव विचारलं तर इतक्या हळू सांगितलं की पुढचा म्हातारा वाकला, आणि तो वाकणार हे मला माहीत होतं. मी माझ्याच घरात उभी होते आणि थांबताच येत नव्हतं मला. शेवटी मुलाच्या काकानं विचारलंच, 'नाटकात काम करते म्हणे पोरगी?' बाबांचा चेहरा उतरला. हीच ती जागा होती. एक वाक्य नेटानं बोलले असते तर मी सुटले असते. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, दोन क्षण थांबले, आणि म्हणाले, 'कॉलेजात सगळ्या पोरीयनंच नाव देल्लं होतं जी. मले काई जमलं नाही थे.' 'जमलं'वर आवाज जरासा अडकवला. मागच्या ओळीतली एक बाई च्च च्च म्हणाली.

त्यांनी जागेवर होकार दिला. नवरा म्हणून तो माणूस बरा निघाला, तेवढं त्याच्यासाठी लिहून ठेवते. त्यानंतर मी स्टेजवर पाऊल ठेवलं नाही. पाहुण्यांना वाटेला लावून बाबा ओसरीत आले तेव्हा आठ दिवसांत पहिल्यांदा ते मोकळे दिसत होते. मायला म्हणाले, 'पाह्य, म्या म्हणत नव्हतो? पोरगी मुळातच गरीब हाय आपली. ते नाटकाचं वारं होतं, उतरलं.' माय माझ्याकडं बघत होती. बाबांनी माझं एकही नाटक पाहिलं नव्हतं. माझं काम त्यांनी पाहिलं ते हे एवढंच, आणि त्यांना ते खरं वाटलं.